काळ्या चौकटी

पडद्यावर समरजित वळला, त्यानं मागं बघितलं, आणि तोंड फिरवून तो घाटाच्या पायऱ्या चढून निघून गेला.

"पुन्हा लावू?" अ‍ॅडव्होकेट शिर्के यांनी विचारलं.

"नको मॅडम. पाठ झालंय," केतकी म्हणाली.

पाठ होणारच. सख्ख्या भावाला तुरुंगात धाडणारा व्हिडिओ आहे तो, एकदा बघितला तरी डोळ्यांसमोरून हलत नाही. सावर्डीच्या घाटावर ग्रामपंचायतीनं पुराच्या पाण्यावर नजर ठेवायला कॅमेरा बसवला होता. तिन्हीसांजेची वेळ. केतकीचा मोठा भाऊ समरजित हातात पत्रावळ घेऊन येतो, ती पाण्याच्या कडेला ठेवतो आणि माघारी फिरतो. चित्राच्या एका कोपऱ्यात, जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या, खाली, त्यांचा चुलतभाऊ विक्रांत मोटारीच्या पाइपात अडकलेली जलपर्णी ओढून काढत असतो. शेवाळावरून त्याचा पाय सटकतो. 'आ' असा तुटका आवाज येतो. समरजित वळतो, बघतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी विक्रांत बंधाऱ्याला लागलेला सापडला.

पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत वर्षभर बोलाचाल नव्हती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळं निकाल गावानं आधीच लावून टाकला. कायदाही आडवा आला. मरणाच्या दारातला माणूस दिसत असताना, समजत असताना मदतीला साधी हाकही न मारता निघून जाणं हा चार वर्षांपूर्वीपासून गुन्हा झाला होता, आणि त्याला शिक्षा चांगली सणसणीत होती.

"दादा वळलाच नाही," केतकी म्हणाली. "त्याच्या पोरीला ताप होता, उतरत नव्हता. आईनं दहीभात ओवाळून उतारा दिला त्याच्या हातात. उतारा ठेवणारा माणूस मागं बघत नाही. कुणी काही म्हणो, बघतच नाही. हे त्या यंत्राला कोण सांगणार?"

"कोर्टाला कोण सांगणार, ते बोला," शिर्के म्हणाल्या. "प्रयोगशाळेच्या अहवालात 'नजरेची दिशा: मागे' असं छापून आलंय. यंत्र चुकतं असं नुसतं म्हणून भागत नाही. मला चुकलेलं यंत्र दाखवा, मी पुढचं बघते."

आता हे यंत्र म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं जादूटोण्यात जमा व्हायचं. पूर्वी कॅमेरा जे बघेल ते सगळं साठवायचा. सेकंदाला पंचवीस चित्रं, एकामागं एक. त्या एकेका चित्राला चौकट म्हणायचं. मग गल्लीबोळात, गोठ्यात, विहिरीवर, जिकडं बघावं तिकडं कॅमेरे झाले आणि एवढं सगळं साठवायला ना जागा पुरेना ना वीज. तेव्हा कुणा शहाण्यांनी तोड काढली. कॅमेऱ्यानं काही सेकंदांतून, कधी मिनिटभरातून, एकच खरी चौकट ठेवायची, आणि मधल्या वेळाची नुसती टिपणं: इथं एक माणूस आहे, चालतो आहे, असा आवाज आला. बघायच्या वेळी संगणकातला प्लेअर त्या टिपणांवरून मधल्या चौकटी स्वतःच रंगवतो. कोट्यवधी माणसं कशी चालतात, कशी दचकतात, कशी हसतात हे बघून तो शिकलेला असतो. याला म्हणायचं भरण. ते इतकं बेमालूम असतं की खरी चौकट कुठली आणि भरणाची कुठली हे ब्रह्मदेवालाही कळू नये.

लोकांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. माहीत होतं आणि विसरले होते. भरण न करता व्हिडिओ दाखवणारा एकही प्लेअर बाजारात मिळत नव्हता. भोकाभोकांचा व्हिडिओ दाखवणारा प्लेअर विकत कोण घेणार? माणसाला फट बघवत नाही, दुसरं काय!

केतकी इस्लामपूरला दूध तपासणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायची. फॅट किती, पाणी किती, एवढ्यावर तिचं आयुष्य चाललं होतं. खिडकी, बटणं, चित्र असलं काही तिनं कॉलेजनंतर लिहिलं नव्हतं. पण शिर्केबाईंच्या ऑफिसच्या पायऱ्या उतरता उतरता तिनं ठरवलं की आपणच प्लेअर लिहायचा. अगदी साधा, दुसऱ्या वर्षाची पोरं परीक्षेपुरता लिहितात तसला. फक्त त्यानं एक गोष्ट करायची नाही: मनचं काही दाखवायचं नाही.

तिनं रजा टाकली आणि बसली. एक खिडकी. तिच्यात चित्रासाठी आयताकृती जागा. खाली 'उघडा', 'चालू' आणि 'थांबा' ही तीन बटणं, आणि व्हिडिओत मागंपुढं जायला एक सरकपट्टी. झालं. ऐकायला सोपं वाटतं. करायला घेतल्यावर तोंडाला फेस आला. 'चालू' दाबलं की खिडकी ढिम्म, 'थांबा' दाबलं तरी ढिम्म. फाइल वाचणारा आणि बटणं सांभाळणारा कोड एकच होता, म्हणजे पोळ्या लाटणारीनंच दर वेळी दार उघडायला धावायचं अशातली गत. तिनं ती दोन कामं वेगळी केली तेव्हा बटणं ऐकू लागली. मग सरकपट्टी बोटाखालून निसटून भलतीकडंच उडी मारू लागली. तिलाही वठणीवर आणलं.

मुख्य गोष्ट त्या मानानं सोपी निघाली. फाइलची रचना कशी असते ते सरकारी नियमानं जाहीर केलेलं होतं. प्रत्येक खऱ्या चौकटीला एक छोटी खूण असते. बाकीचे प्लेअर ती खूण वाचतात आणि गिळून टाकतात. केतकीनं लिहिलं: खूण असेल तर चौकट दाखव, नसेल तर काळं दाखव.

तिनं घाटाचा व्हिडिओ उघडला आणि 'चालू' दाबलं.

समरजित वाकलेला. काळं. समरजित उभा, नदीकडं पाठ. काळं. कोपऱ्यात विक्रांत, गुडघाभर पाण्यात. काळं. मग बराच वेळ काळंच. मग पायऱ्यांवर समरजित, पाठमोरा, आणि विक्रांतच्या जागी नुसतं पाणी. पुन्हा काळं. तिनं पट्टी मागं ओढली, पुढं ओढली, एकेक खरी चौकट मोठी करून बघितली. समरजितचं तोंड नदीकडं वळलेलं एकाही चौकटीत नव्हतं. ज्या क्षणी तो 'वळला' तो अख्खा क्षण काळा होता.

"हाणला!" केतकी एकटीच ओरडली आणि तिनं टेबलावर मूठ आपटली.

तो का वळला तेही आता उघड होतं. आवाज आला होता. पाठीमागं कुणी ओरडलं की कोट्यवधी माणसांतली जवळजवळ सगळी वळतात. यंत्रानं समरजितलाही वळवला. उताऱ्याचा नियम त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

तिनं जामिनावर बाहेर असलेल्या भावाला फोन लावला. पलीकडून रडणं ऐकू आलं. "केतू, वाचवलंस बघ तू मला," तो म्हणाला. "मी वळलोच नव्हतो गं. सांगून सांगून घसा बसला माझा."

शिर्केबाईंनी तो काळाकुट्ट व्हिडिओ बघितला आणि त्या खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. आठवड्याभरात अर्ज मंजूर झाला. सोमवारी कोर्टात, सगळ्यांच्या समोर, व्हिडिओ फाइलमध्ये जसा आहे तसा दाखवायचा. खूष व्हावं असंच सगळं होतं. फक्त 'जसा आहे तसा' हे शब्द केतकीच्या डोक्यात अडकून बसले, कारण तिच्या प्लेअरला आवाजच नव्हता. चित्राच्या नादात तिनं तो लिहिलाच नव्हता.

रविवारी दुपारी तिनं तेवढंही उरकून टाकायचं ठरवलं. आवाजाला जागा थोडी लागते, म्हणून कॅमेरा तो काहीही न गाळता पूर्ण साठवतो. गाळतो तो बाजारातला प्लेअर. लांबचे, तुटक, पाण्यात मिसळलेले आवाज तो गोंगाट समजून झाडून टाकतो, ऐकणाऱ्याच्या कानाला गोड लागावं म्हणून. केतकीनं झाडायचं काही ठेवलं नाही. खिडकीत आवाजाची एक छोटी पट्टी बसवली आणि 'चालू' दाबलं.

आधी नदीचा आवाज. लांब कुठंतरी मोटारीची घरघर. समरजितच्या चपला दगडावर. चित्र काळं झालं, आणि त्या काळ्यातून विक्रांत बोलला.

"समऱ्या!"

केतकीनं आवाजाची पट्टी आणखी वर ओढली.

"ए समऱ्या, अरे..."

मग पाणी ढवळल्याचा आवाज. पायऱ्यांवरच्या चपला मंदावल्या, पण थांबल्या नाहीत. पाण्याचा आवाज बंद झाला. चपला पुन्हा भराभर वर चढू लागल्या.

बाजारातल्या प्लेअरनं या सगळ्यातून एक 'आ' तेवढा शिल्लक ठेवला होता.

संध्याकाळी समरजित आला तो पेढे घेऊन. "उद्या सुटलो की दत्ताला जायचं सगळ्यांनी," असं दारातूनच म्हणत आला. केतकीनं त्याला बसवलं आणि 'चालू' दाबलं. पहिली हाक आली तसा तो ताडकन उठला.

"बंद कर ते."

"तू तर आजवर सांगत आलास, नदीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही."

"बंद कर म्हणतो ना!"

"ऐकलंस की नाही तेवढं सांग दादा."

तो खाली बसला. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच. "ऐकलं," तो म्हणाला.

"आणि तसाच गेलास?"

"आईनं बजावून सांगितलं होतं. मागं बघायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. ओ दिलीस तर पोरीचं दुखणं हटायचं नाही म्हणाली."

"अरे, इंजिनिअर आहेस ना तू? ड्रोन उडवतोस लोकांच्या उसावर! तुला हे पटलं?"

"पटायचं काय घेऊन बसलीस? ओवी डोळे फिरवत होती केतू. डॉक्टर म्हणत होते, बघू, वाट बघू. त्या वेळी मला कुणी विस्तवावरून चाल म्हणालं असतं तरी मी चाललो असतो."

"विकूदादाचा आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखीच्याच आवाजात बोलावतात म्हणे," तो पुटपुटला आणि त्यानं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "आवाज लावू नको उद्या. शिर्केबाई म्हणाल्यात, चित्र पुरे आहे. मी त्याला ढकललं नाही, मी वळून बघितलं नाही. जे केलंच नाही त्याची शिक्षा मी का भोगू?"

"आणि जे केलंस त्याचं काय?"

पुडा टेबलावर ठेवून तो निघून गेला. केतकीला त्याचा असा संताप आला की तो पुडा भिंतीवर फेकून मारावासा वाटला. आणि लगोलग ओवीचं तोंड डोळ्यांपुढं आलं, आता कुठं बरी होऊन रांगायला लागलेली, आणि तिला रडू फुटलं. विकूदादानं तिला सायकल शिकवली होती, सीट धरून मागं पळत. गुडघे त्याचेच फुटले होते जास्त. असा माणूस मेला आणि तो मरताना काय म्हणाला ते जगात आपल्याला आणि दादालाच माहीत आहे, हे तिला सहन होईना.

तिनं शिर्केबाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"कायद्यात दिसणं आहे तसंच समजणंही आहे," त्या म्हणाल्या. "हाक ऐकू आली की समजलं, असं सरकारी वकील म्हणणार. केतकी, तुमच्या त्या खिडकीत आवाजाची पट्टी आहे ना?"

"आहे."

"ती शून्यावर ठेवा. खोटं काही बोलायचं नाही, कुणी विचारलं तर मी उठेन. आणि आपला हा फोन झालाच नाही, असं समजा."

आवाजाचा कोड पुसून टाकणं एका मिनिटाचं काम होतं. केतकीनं तो पुसला नाही. पट्टी तेवढी शून्यावर ओढून ठेवली आणि संगणक मिटला.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात विक्रांतची बायको प्राजक्ता एकटीच बाकावर बसली होती. केतकीला वाटलं, हिची नजर चुकवून जावं. पण प्राजक्तानंच हाक मारली.

"केतकी, तुम्ही नवीन काहीतरी काढलंय म्हणे. त्यात ते दिसतात का?"

"दिसतात वहिनी. कडेला, एक-दोन वेळा."

"बरं," प्राजक्ता म्हणाली. "आत्तापर्यंत मी बघितला नव्हता तो व्हिडिओ. धीर झाला नाही. आज बघणार आहे." एवढं बोलून तिनं पदर नीट केला आणि ती आत गेली.

आधी नेहमीच्या प्लेअरवर व्हिडिओ लागला. समरजित वळला, त्यानं बघितलं, गेला. मागच्या बाकांवरून कुणीतरी शिवी हासडली. मग केतकीनं आपली खिडकी उघडली आणि 'चालू' दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक चौकट आली, मग काळं, मग चौकट, मग काळं. लोकांत चुळबुळ सुरू झाली.

"यात तर काहीच दिसत नाही!" सरकारी वकील म्हणाले.

"आमचं म्हणणं नेमकं हेच आहे," शिर्के म्हणाल्या, आणि एकदोघे हसले.

न्यायाधीश वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि केतकीकडून तो मधला भाग पुन्हा चालवून घेतला. "म्हणजे हा माणूस वळताना कॅमेऱ्यानं पाहिलेलाच नाही," ते म्हणाले. "आपण सगळ्यांनी पाहिला, आणि कॅमेऱ्यानं नाही." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आरोपीच्या जागेवर समरजितचे खांदे सैल पडलेले केतकीला दिसले. संपलं, सुटला, असं तिच्या मनात येतंय तोवर न्यायाधीशांनी मान वर केली.

"याला आवाज नाही का?"

शिर्के उठल्याच. "साहेब, आपल्यापुढचा मुद्दा चित्रापुरता आहे. नजरेच्या दिशेचा..."

"मी त्यांना विचारतोय."

केतकीनं भावाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, अगदी बारीक, दुसऱ्या कुणाला दिसू नये इतकी: नको. त्याच्या मागच्या बाकावर प्राजक्ता पुढं झुकून त्या काळ्या पडद्याकडं बघत होती, डोळे ताणून, त्या काळ्यात नवऱ्याला शोधत. केतकीला वाटलं, हिला आपण काय दाखवायला आणलंय? काळं! बाजारातल्या प्लेअरनं झाडून टाकलं आणि आपण शून्यावर ठेवलं, फरक काय पडला?

"आहे साहेब," ती म्हणाली, आणि तिनं पट्टी वर सरकवली.

नदी वाहू लागली. मोटार घरघरली. चपला वाजल्या. पडदा काळा झाला.

"समऱ्या!"

प्राजक्तानं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"ए समऱ्या, अरे..."

पाणी ढवळलं. चपला मंदावल्या, आणि आता ते सगळ्या कोर्टाला नीट ऐकू आलं. मग पाणी शांत झालं आणि चपला भराभर वर गेल्या. सरकारी वकील उठून उभे राहिले होते, पण त्यांच्या आधी समरजितच बोलला.

"मी ऐकलं होतं."

"बसा खाली!" शिर्के ओरडल्या.

"नाही मॅडम, बोलू द्या. मी ऐकलं होतं साहेब." त्यानं समोरचा कठडा धरला होता. "उतारा ठेवून निघालो होतो. आमची आजी सांगायची, नदीवर तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. जे जिवंत नसतं ते दोनदाच हाक मारतं. जिवंत माणूस तिसऱ्यांदाही मारतो. म्हणून मी पाय हळू केले. आईशप्पथ सांगतो, तिसरी हाक आली असती तर वळणार होतो मी. पोरीचं काय व्हायचं ते होवो म्हणून वळणार होतो. मी वाट बघत होतो साहेब. तिसरी हाक आलीच नाही."

व्हिडिओ चालूच होता. काळ्या पडद्यामागं मोटार घरघरत होती. केतकीचा हात माऊसवर होता, पण 'थांबा' दाबायचं तिला सुचलं नाही.

मागच्या बाकावरून प्राजक्ता उठली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. घरातल्या माणसाला समजावून सांगावं तशी ती हळू बोलली.

"कशी येणार भावजी? तोंडात पाणी गेलं होतं ना त्यांच्या."